सावकाश झालेलं गाणं

ओतूरच्या बाजारपेठेत माझं कापडाचं दुकान आहे. ज्यांचा लग्नाचा बस्ता आमच्याकडे बांधला जातो, त्यांच्या लग्नाला जावं लागतं. गेलं की पुढच्या रांगेत बसावं लागतं, आणि बसलं की आलेल्या प्रत्येक पुढाऱ्याचे वधूवरांना शुभाशीर्वाद ऐकावे लागतात. मुहूर्त केव्हाच टळलेला असतो, भटजींनी घड्याळाकडे बघणं सोडून दिलेलं असतं, आणि निवेदक आणखी एका माजी सदस्याचं सहर्ष स्वागत करत असतो. हे सगळं मी निमूट सोसतो, कारण शेवटी ते गाणं लागतं.

चुकू दे गाडी, चुकू दे आजची,
वाट पायाची, घाई कशाची.

नवरीची गाडी फुलांसकट हलते, स्पीकरवर हे सुरू होतं आणि नवरीचा बाप कोसळतो. कांद्याचा भाव पडला तरी चेहऱ्यावरची रेषा न हलवणारे बाप मी या ओळीवर लहान पोरासारखे रडताना पाहिले आहेत. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत हे गाणं माहीत नसलेला माणूस भेटायचा नाही. बँडवाले ते वाजवतात, डीजेवाले त्याला कुटून वाजवतात, टोमॅटोच्या पिकअपमागे ते लिहिलेलं असतं, आणि एसटीच्या चालकाच्या निवृत्तीला ते एकदा त्याच्या डोळ्यांदेखत लागलं होतं. गाडी चुकू दे म्हणणारं गाणं चालकाला का अर्पण करावं, हे तिथं कुणी विचारलं नाही.

त्या गाण्यातला ड्रम माझा आहे. आता तो संगणकानं वाजवलेला असतो, पण ठोके माझेच. गाणं केलं आणि गायलं माझ्या मित्रानं.

मित्र पिंपरी पेंढारचा, शेतकऱ्याचा मुलगा. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. पहिल्याच दिवसापासून तो मला 'शेट' म्हणायला लागला. तेव्हा माझ्याकडे स्वतःची सायकलही नव्हती, पण आमचे पणजोबा राजस्थानातून येऊन इथं दुकान टाकून बसले, त्यामुळे आमच्या घरात मूल जन्माला येतं तेच शेट म्हणून. त्यानं पुण्याहून कुणाची तरी जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली होती. तिचा आवाज रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून बनवून घेतलेल्या डब्यातून यायचा, आणि त्यात सुरांइतकीच डासांची भुणभुण असायची. मला बँडवाल्यांनी टाकून दिलेला एक ड्रम मिळाला. कीबोर्ड वाजवणारा तिसरा एक होता. त्याला चाकणला नोकरी लागली आणि तो गावातून गेला तसा गाण्यातूनही गेला.

सराव आम्ही त्याच्या कांद्याच्या बराखीत करायचो. बराख म्हणजे कांदा साठवायची लांबट खोली, हवा खेळावी म्हणून भिंतींना फटी ठेवलेली. त्या फटींतून आमचं संगीत सगळ्या शिवारात जायचं, आणि शिवारातून अभिप्रायही यायचे. आम्ही जैन. घरात कांदा उंबरठा ओलांडत नव्हता, आणि मी रोज संध्याकाळी कांद्याच्या वासात न्हाऊन घरी यायचो. आई दारातच अडवायची. "खाल्लास?" "नाही." "मग वास कसला?" "वाजवला." तिनं देव्हाऱ्याकडे एकदा बघितलं आणि मला मागच्या दारानं न्हाणीत पाठवलं. ही शिक्षा दोन उन्हाळे चालली.

गाणं ज्या मुलीसाठी होतं ती तळेघरच्या पलीकडच्या एका वाडीची. जुन्नरला वसतिगृहात राहून मास्तरणीचं शिक्षण घेत होती. शनिवारी ती घरी जायची. त्या बाजूला गाड्या तेव्हाही मोजक्या होत्या, आजही फार नाहीत. तिची गाडी एकच, आणि गाडीतून उतरल्यावर पुढं डोंगरातली पायवाट. माझा मित्र दर शनिवारी स्टँडवर जाऊन उभा राहायचा आणि मनातल्या मनात प्रार्थना करायचा की हिची गाडी चुकू दे. गाडी कधी चुकली नाही. मुलीला घरी जायची ओढ असायची आणि ती गाडीच्या आधीच येऊन बसायची. या पराभवातून ते गाणं झालं.

आणि ते जलद होतं. हे आता कुणाला खरं वाटत नाही. आम्ही दोघं वीस-एकवीस वर्षांचे, हातात वीज असलेली गिटार; सावकाश कशाला वाजवू? गाणं धावत सुटायचं आणि मी त्याच्या मागे काठ्या घेऊन धावायचो. आमच्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी दोन कॅसेटींचा डेक होता. एका दुपारी तो बराखीत नेऊन आम्ही गाणं भरून घेतलं.

मग त्याच्या चुलतबहिणीची हळद आली. दिवस मावळायला टेकला होता. मांडवातली वीज शेतीच्या लाइनीवर आकडा टाकून घेतलेली. त्या काळी याला कुणी चोरी म्हणत नसे, सोय म्हणत. मित्रानं मोठ्या ऐटीत आमची कॅसेट लावली. त्या लाइनीवर दिव्यापुरती वीज एरवीही असायची; पहिली ओळ झाली न झाली तोच मोटरींची, थ्री-फेजची वीज आली. आमच्याकडे ती यायची तेव्हा सगळ्या शिवारात एकदमच यायची, आणि सगळ्या विहिरींवरच्या मोटरी एकदम चालू व्हायच्या. व्होल्टेज खाली बसलं. मांडवातले दिवे पिवळ्याचे तांबडे झाले. आणि आमची कॅसेट ओढायला लागली.

मित्राचा आवाज खर्जात उतरला. गिटार गुळाच्या पाकातून निघाल्यासारखी यायला लागली. माझा ड्रम तर असा, जसं कुणी म्हातारं माणूस एकेक पायरी चाचपत जिना उतरतंय. आम्ही दोघं शरमेनं डेक बंद करायला धावलो. तेवढ्यात नवरीची आत्या कडाडली, "ऱ्हाऊ दे रं! हात लावू नको. बरं वाटतंय."

आम्ही थांबलो. वळून पाहिलं तर नवरीची आई हळदीचे हात तसेच हवेत धरून रडत होती. तिच्या शेजारची रडत होती. नवरीही रडायला लागली. तिची हळद डोळ्यांखालून ओघळून दोन रेघा पडल्या. ओळ संपत नव्हती, कारण विहिरी उपसल्या जात होत्या.

दुसऱ्या दिवशी माणसं दुकानात कॅसेट मागायला आली. मी भरून दिली. संध्याकाळी ती सगळी परत आली.

"शेट, ह्ये न्हाई. आमाला कालचं पायजे."

"हेच कालचं आहे."

"काय बी काय? कालचं किती सावकाश व्हतं. ह्याला तर कुत्रं मागं लागलंय."

अशा रीतीनं आम्हाला आमचंच गाणं नव्यानं शिकावं लागलं. मित्राला ते जमलं. सावकाश गायला लागल्यावर त्याला स्वतःलाच कळलं की आपल्या गळ्यात इतकी जागा आहे. माझं जमेना. ड्रम वाजवणाऱ्याचा हात रिकामी जागा सहन करत नाही. दोन ठोक्यांच्या मध्ये मला वाटायचं आता काहीतरी केलंच पाहिजे, आणि मी करायचो, आणि गाणं पुन्हा पळायचं.

एव्हाना मित्राचं स्टँडवर त्या मुलीशी बोलणं सुरू झालं होतं. हे गाऱ्हाणं त्यानं तिला सांगितलं. मी शेजारीच अपराध्यासारखा उभा. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "तुमी कदी आवणी केलीय?"

मी म्हटलं, "आम्ही कापड विकतो."

"आवणी म्हंजी भाताची लावणी. बघा." तिच्या हातात पेन होतं. तिनं ते दुसऱ्या हातातून उचलल्यासारखं केलं, बाकावर खोचल्यासारखं केलं आणि हात मागं घेतला. "रोप घ्यायचं. खोचायचं. मागं सरायचं. परत रोप घ्यायचं. मधी काय बी करायचं न्हाई. घाई केली तर रोप वर येतं, मंग त्येच्या नावानं कितीबी गाणी म्हना."

तिनं पेन खोचत मित्राला गायला लावलं आणि मला तिच्या हाताकडे बघत बाकावर बोटं वाजवायला लावलं. रोप घ्यायचं, खोचायचं, मागं सरायचं. पहिल्यांदाच दोन ठोक्यांमधली जागा मला रिकामी वाटली नाही. तिथं एक बाई चिखलात मागं पाऊल टाकत होती. आम्ही तिघं इतके रमलो की शेवटी मान वर करून तिनंच पाहिलं.

"आवो, गाडी!"

गाडी गेली होती. समोरच्या जागेत नुसता डिझेलचा धूर होता. ती आमच्या दोघांवर अशी काही बरसली की स्टँडवरची माणसं गोळा झाली. मित्र खाली मान घालून ऐकत होता, पण त्याचे कान हसत होते. गाण्यातली मागणी पुरी झाली होती, आणि ती बहुधा जगातली पहिलीच गाडी होती जी गाण्याच्या तालमीमुळे चुकली. दोनेक वर्षांनी त्यांचं लग्न झालं. तेव्हापासून मी तिला वहिनी म्हणतो आणि ती मला भाऊजी.

पुढची हकिकत सगळ्या तालुक्याला माहीत आहे. गाणं सगळीकडे गेलं. कॅसेटीवरून कॅसेट, तिच्यावरून आणखी कॅसेट, मग मोबाइल. मित्र मुंबईला गेला नाही. लोकांना त्यात मोठा त्याग दिसतो. खरं कारण असं की त्यानं दुसरं गाणं केलंच नाही. दोन-तीन करून पाहिली, ती आम्हालाच आवडली नाहीत. त्यानं मांडव आणि साउंड सिस्टीमचा धंदा टाकला. दुसऱ्यांच्या लग्नात स्पीकरच्या भिंती उभ्या करायच्या आणि शेवटी, आग्रह झाला तर, माइक हातात घेऊन ते एक गाणं म्हणायचं. आग्रह नेहमी व्हायचा. माझा ड्रम मात्र गुंडाळला गेला. दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा मी पुस्तकं वाचतो. लोकांना वाटतं शेट हिशेब करतोय.

स्पीकरच्या त्याच भिंतींनी मित्राचे कान नेले.

आधी मला कळलं नाही. दुकानात येऊन बसायचा, मी काही विचारलं की "हां हां" म्हणायचा. एकदा मी विचारलं, "चहा सांगू का काढा?" तर म्हणाला, "हां हां." मग माझ्या लक्षात आलं की तो माझ्या डोळ्यांकडे बघत नाही, ओठांकडे बघतो. फोन आला की वहिनींच्या हातात देतो. टीव्ही त्याच्या घरी लागला की बातम्या शेजारच्या आळीत कळतात.

वहिनी त्याला पुण्याला घेऊन गेल्या. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं आणि सांगितलं की आहे ते हळूहळू आणखी कमी होत जाईल. यंत्रानं बोलणं बऱ्यापैकी कळायला लागलं. पण गाणं नाही. "शेट," तो मला म्हणाला, "बोललेलं समजतंय. गाणं लावलं की पत्र्यावर खडे पडल्यावानी ऐकू येतंय. सूर कुठाय, त्येच दिसत न्हाई. पाय कुठं ठेवायचा मानसानं?"

त्यानंतर एका नात्यातल्या लग्नात आग्रह झाला आणि तो गायला. सूर सुटला. त्याला ते कळलं नाही. समोरची पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत मोबाइल धरून हसत होती, ते त्याला दिसलं. त्यानं गाणं पुरं केलं, माइक खाली ठेवला आणि त्यानंतर म्हणायचं बंद केलं. ते गाणं लागलं की तो मांडवाबाहेर वायरी गुंडाळत बसायचा. वहिनी एवढंच म्हणायच्या, "एकदा तरी नीट म्हनायला पायजे हो, भाऊजी. न्हाईतर त्यो हसण्याचाच आवाज ध्येनात ठिवून बसायचा जलमभर." त्यालाही तेच हवं होतं. कान पुरते जायच्या आत एकदा, चार माणसांत, त्या गाण्यात बरोबर पाय पडावा. तो हे बोलायचा नाही, पण वायरी गुंडाळताना त्याचे ओठ हलायचे.

अशात गौरव समिती निघाली.

समितीचे अध्यक्ष मंचरच्या पुढच्या पेठ गावचे. त्यांच्या मालवाहू गाड्यांच्या मागे गाण्याची ओळ लिहिलेली असते. माणूस खरोखर प्रेमळ, फक्त त्यांचं प्रेम माइकशिवाय बाहेर येत नाही. आषाढात लग्नं नसतात, म्हणून पेठला हायवेलगतचं मंगल कार्यालय मोकळं होतं. तिथं या अजरामर गीताचा आणि त्याच्या गायकाचा भव्य सन्मान करायचा ठरलं. आळेफाट्यापासून पेठपर्यंत फ्लेक्स लागले. त्यांवर मित्राचा फोटो असा उजळवलेला, गाल असे केशरी केलेले की वहिनींनी विचारलं, "ह्यो कुनाचा नवरा?" नावाआधी 'स्वरकेसरी' अशी पदवी होती. ती कुणी दिली ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा फ्लेक्सवाल्यानं, जागा उरली म्हणून.

गाण्याचं काय, हा प्रश्न निघाला. वहिनींनी अध्यक्षांना कानाचं सांगितलं. अध्यक्ष हळहळले, मनापासून हळहळले, आणि म्हणाले, "दादा, काळजी सोडा. तुमी फकस्त व्हट हालवा. बाकी सिस्टीम बघून घेईल." ज्यानं जन्मभर सिस्टीम लावली त्याला हे सांगण्यात आलं. मला वाटलं तो नाही म्हणेल. पण तो म्हणाला, "चालंल." कदाचित त्याला वाटलं असेल, यातही पाय बरोबर पडू शकतो. ओठांचा का होईना.

वहिनींनी युक्ती काढली. त्या पहिल्या रांगेत बसणार आणि हातानं खूण करणार, तीच जुनी: रोप घ्यायचं, खोचायचं, मागं सरायचं. त्यांच्या हाताकडे बघून त्यानं ओठ हलवायचे. घरी तालीम केली, तेव्हा अगदी नेमकं जमलं. तो आठवडाभर खुशीत होता.

कार्यक्रम सकाळी. व्यासपीठावर दोन पुरुष उंचीची थर्माकोलची गिटार, तिच्यातून मधूनमधून धूर. दाराशी एक गृहस्थ येणाऱ्या प्रत्येकाला फेटा बांधत होते. माझाही नंबर लागला. भाषणं झाली. एका वक्त्यांनी सांगितलं की त्यांनीही आयुष्यात अनेक गाड्या चुकवल्या, म्हणूनच आज ते इथं आहेत. श्रोत्यांना ते पटलं. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह झालं. मग निवेदकानं आवाज चढवला, आणि मित्र माइकसमोर उभा राहिला. डोक्याला भगवा फेटा, खांद्यावर शाल, डोळे वहिनींच्या हातावर.

त्याच क्षणी फोटो काढायला सगळे मान्यवर उठले. पहिली रांग आणि व्यासपीठ यांच्यामध्ये पाठींची भिंत उभी राहिली. वहिनी टाचा उंचावून हात हलवत होत्या. त्यांचा हात कुणाच्या तरी फेट्यामागे होता. ट्रॅक सुरू झाला. मित्राला तो पत्र्यावरच्या खड्यांसारखा आला असेल, कुठून तरी, कसा तरी. तो या फेट्यावरून त्या फेट्यावर हात शोधत राहिला. पहिली ओळ निघून गेली तेव्हा त्यानं तोंड उघडलं. मग सबंध गाणं तो एक ओळ मागे होता. गाणं संपलं तेव्हा त्याचे ओठ अजून हलत होते.

प्रचंड टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी डोळे पुसले.

परत जाताना गाडी मी चालवत होतो. मित्र शेजारी, फेटा तसाच. रस्त्याकडेचे त्याचेच फ्लेक्स मागं जात होते. मग तो म्हणाला, "शेट, कुनाला कळलं का?"

मी मान हलवली. नाही.

"त्येच म्हंतोय. कुनालाच न्हाई." जरा वेळानं म्हणाला, "म्हंजी मी नसतो तरी चाललंच आसतं की."

मागच्या सीटवरून वहिनी पुढं झुकल्या. "भाऊजी, मंचरला डावीकडं घ्या. घोडेगावच्या रस्त्याला."

"आता कुठं?"

"माझ्या माहेराला. भाच्याकडं आवणी चाललीय, मानसं कमी पडत्यात. सकाळपासनं हात नुसते हालवून ऱ्हायलेत माझे."

डिंभे धरणाच्या कडेनं आम्ही वर चढलो. पाऊस होता, तिथं या दिवसांत असतो तसा, न बोलता काम करणाऱ्या माणसासारखा. तळेघर मागं टाकून रस्ता संपला तिथं गाडी लावली आणि वाडीपर्यंत चाललो. वहिनींच्या भाच्यानं आम्हाला खताच्या गोणीच्या खोळी दिल्या. मित्रानं खोळ फेट्यावरूनच घेतली. वहिनींनी साडीचा काष्टा मारला आणि त्या सरळ चिखलात उतरल्या.

भाताच्या खाचरात बायकांची ओळ वाकलेली होती. तिथं आज ह्यांच्या शेतात तर उद्या त्यांच्या, असं सगळी वाडी मिळून काम उरकते. ओळीच्या टोकाला एक म्हातारी होती, शेजारच्या घरची. तिनं मान वर केली. प्लॅस्टिकच्या खोळीत चेहरा झाकला होता, नुसता भगवा फेटा आणि जरीची शाल डोकावत होती.

"ह्ये पावणं कोन? नवरदेव व्हय?"

ओळ हसली. वहिनी म्हणाल्या, "माझाच हाय मावशी. जुना हाय, पन चालतोय."

मग त्या पुन्हा वाकल्या, आणि म्हातारीनं गाणं उचललं.

चुकू दे गाडी, चुकू दे आजची.

मी बांधावर छत्री धरून उभा होतो आणि छत्री बंद करावी की काय असं मला वाटलं. तेच गाणं. मधली कडवी निराळी. सासूवर एक होतं, आणि कुण्या दिराच्या घोरण्यावर एक, ज्यात प्रत्येक घोरण्याला सगळ्यांचे हात क्षणभर हवेत थांबायचे; ते आमच्यापेक्षा सरस होतं. पण चाल तीच, आणि वेग तोच, व्होल्टेज बसल्यानंतरचा. गिटार नाही, ड्रम नाही. रोप घेतलं, खोचलं, मागं सरलं. माझा ठोका त्यांच्या पाऊल काढण्याच्या चिखलातल्या आवाजात होता.

मी म्हातारीला विचारलं, "मावशी, हे गाणं कुठलं?"

"कुठलं म्हंजी? आमचंच हाय. माझी आजी म्हनायची आवणीला."

तिच्या आजीच्या काळात त्या घाटात एसटी तर सोडाच, रस्ताही नव्हता. मी वाद घातला नाही. मित्राच्या समोर जाऊन त्याला घोरण्याचं कडवं सांगितलं आणि मग म्हटलं, "ती म्हणते गाणं तिच्या आजीचं आहे."

त्या दिवशी तो पहिल्यांदाच हसला. "आसंल," म्हणाला. "आपल्यापतूर कुठनं तरी आलंच आसंल की."

मग तो बघत राहिला. मी त्याची नजर पाहिली. तो बायकांच्या तोंडाकडे बघत नव्हता. हातांकडे बघत होता. सगळे हात एकदम खाली जात होते, एकदम वर येत होते, आणि मध्ये कुणी पुढारी उभा नव्हता. त्याचे ओठ हलायला लागले. त्यानं शाल काढून माझ्या हातात दिली. श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह आधीच माझ्याकडे होतं. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खाचरात उतरला. वहिनींनी सरकून जागा केली. त्याच्या हातात रोपांची जुडी दिली.

रोप घेतलं. खोचलं. मागं सरला. आणि दुसऱ्या ओळीवर, अगदी नेमक्या जागी, त्यानं गायला सुरुवात केली.

आवाज खाली होता. बायकांच्या सुरापेक्षा बराच खाली. म्हातारी एक ओळ गप्प राहिली. वाकल्या वाकल्याच तिनं मान तिरपी करून ऐकलं. पुढचं कडवं तिनं उचललं ते खालून, त्याच्या आवाजापाशी; आणि बाकीच्या तिच्यामागून एकेक करत खाली आल्या. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. वहिनी मात्र एक रोप हातात धरून तशाच थांबल्या होत्या, आणि पावसात माणूस रडतंय की भिजतंय ते कळत नाही, हे सोयीचं असतं.

"पावणं," म्हातारी ओरडली, "गळा चांगला हाय, पन वळ वाकडी चाललीय तुमची! आन् लई घाई करताय."

त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी चिखलानं भरलेला हात हवेत दाबला, सावकाश. तो सावकाश झाला.

खाचर संपलं तेव्हा तो बांधावर येऊन पाय धुवायला बसला. फेट्याचा रंग खोळीतून गालावर उतरला होता, फ्लेक्सवर होता तसाच. "खरं सांग शेट," तो म्हणाला. "किती उतरलो व्हतो?"

"सुरुवातीला बराच."

"मंग?"

"मग म्हातारीनं गाणं खाली घेतलं. तू होतास तिथं."

"काय?" त्यानं कानाशी हात नेला. यंत्र भिजू नये म्हणून त्यानं ते काढून खिशात ठेवलं होतं.

मी छत्री मागं टाकली, त्याच्यासमोर चिखलात उकिडवा बसलो आणि ओठ दिसतील असं पुन्हा सांगितलं. तो बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला, जसं काही वाक्य अजून संपलेलं नाही. बायका आता खालच्या खाचरात उतरल्या होत्या. त्यानं मान वळवून त्यांच्या हातांकडे पाहिलं.

"घोरण्याचं कडवं चाललंय," तो म्हणाला.

मी ऐकलं. तेच चाललं होतं.